जॅक वॉल्शनं घड्याळ देऊन टाकलं, तिथेच गोष्ट संपली होती

प्रश्न थोडक्यात असा आहे: "१९८८ चा हॉलिवूडपट 'मिडनाइट रन' माझा जीव की प्राण. त्याचा १९९४ मध्ये टीव्हीसाठी केलेला पुढचा भाग, 'अनदर मिडनाइट रन', परवा बघायला घेतला. पात्रं तीच, नट मात्र सगळे वेगळे. अर्ध्या तासात बंद केला. हे फक्त रॉबर्ट डी नीरो नाही म्हणून झालं का? मग 'मॅश'मध्ये सगळे नट बदलूनही अकरा वर्षं कसं चाललं? विचारायचं कारण, आमच्या कॉलेजच्या एका गाजलेल्या एकांकिकेचा पुढचा भाग आम्ही यंदा लिहितोय आणि मूळ जोडीतले दोघंही पास होऊन गेलेत."

कॉलेजातला आहेस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस. मी बावीस वर्षं मालिका लिहितेय. सुरुवातीला नुसते संवाद, नंतर पटकथा. तुझा प्रश्न मला दर दोन-तीन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या मीटिंगमध्ये ऐकावा लागतो. तिथे तो असा येतो: "मॅडम, नवा चेहरा आणला तर लोक घेतील ना?" आमच्याकडे त्याला सरळ रिप्लेसमेंट म्हणतात. कुणाचं मानधनावरून वाजतं, कुणाला सिनेमा मिळतो, कुणाची पाठ धरते. शुक्रवारी कळतं आणि सोमवारी नव्या माणसाची लुक टेस्ट असते.

'मिडनाइट रन'च्या टीव्ही अवताराकडेही मी त्याच नजरेनं बघते, म्हणून आधी एक कबुली. नट बदलला की काय होईल हे परिस्थितीवर फार अवलंबून असतं. रोज साडेसातला घरात येणारं पात्र, वर्षातून एकदा येणारं पात्र आणि सहा वर्षांपूर्वी थिएटरात पाहिलेलं पात्र, या तिघांचं लोकांशी नातं वेगवेगळं असतं. तेव्हा माझं म्हणणं नियम म्हणून घेऊ नकोस. एका कारागिरानं दुसऱ्याला सांगितलेलं आहे, एवढंच समज.

डी नीरोचं आधी आटपून टाकू. तो नव्हता म्हणून फरक पडला का? पडणारच. पण त्याच्या जागी आलेला क्रिस्टोफर मॅकडोनाल्ड काही ऐरागैरा नाही. 'थेल्मा अँड लुईज'मधला तो बायकोवर डाफरणारा नवरा आठवतो? तोच. पुढे 'हॅपी गिल्मोर'मधला घमेंडखोर गोल्फपटूही त्यानंच केला आणि लोक अजून त्याला त्या नावानं हाक मारतात. विनोदाचं टायमिंग त्याच्याकडे भरपूर आहे. त्याच्यासमोर ठग जोडपं म्हणून उभे केलेले जेफ्री टॅम्बर आणि कॅथी मॉरिआर्टी हेही पक्के नट. मॉरिआर्टीची तर मला गंमतच वाटते. १९८० च्या 'रेजिंग बुल'मध्ये ती डी नीरोची बायको होती, ऑस्करचं नामांकन मिळालं होतं तिला. चौदा वर्षांनी तिला डी नीरोच्या भूमिकेसमोर उभं केलं, फक्त त्या भूमिकेत डी नीरो नव्हता. सेटवर यावरून कुणी ना कुणी चेष्टा केली असेलच.

म्हणजे नट वाईट होते हे उत्तर बाद. मग गाडी अडली कुठे?

त्यासाठी मूळ सिनेमा उघडून बघावा लागेल, आणि तो बाउंटी हंटरच्या धंद्यापासून. आपल्याकडे जामीनदार म्हणजे काका, मामा, नाहीतर गावाकडचा कुणीतरी, हातात सात-बारा घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात ताटकळणारा. अमेरिकेत हा चक्क व्यवसाय आहे. आरोपीकडे जामिनाची रक्कम नसेल तर बेल बाँड्समन साधारण दहा टक्के फी घेऊन हमी घेतो. आरोपी तारखेला आला नाही तर अख्खी रक्कम बाँड्समनच्या बोकांडी बसते. म्हणून पळालेल्याला शोधून आणायला तो माणूस पाठवतो, तो बाउंटी हंटर. १८७२ च्या टेलर विरुद्ध टेंटर या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टानं म्हणून ठेवलंय की जामीनदार आपल्या माणसाला दुसऱ्या राज्यात जाऊनही धरू शकतो. सिनेमातला एडी मॉस्कोनी हा असाच बाँड्समन. त्याचे साडेचार लाख डॉलर अडकलेत. शिकागोच्या माफियाचे दीड कोटी डॉलर उडवून दानधर्म करणारा हिशेबनीस, जॉनथन मार्डुकस उर्फ ड्यूक, पळालाय. त्याला शुक्रवारी मध्यरात्रीच्या आत न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला आणलं तर जॅक वॉल्शला, म्हणजे डी नीरोनं केलेल्या बाउंटी हंटरला, एक लाख मिळणार.

आता लेखकाच्या डोक्यानं बघ. घड्याळ लागलेलं आहे, रस्ता लांब आहे, पाठीमागे एफबीआय, माफिया आणि एक प्रतिस्पर्धी बाउंटी हंटर आहे. मालिकेसाठी याहून सोयीचा सांगाडा कुठला? दर आठवड्याला नवा फरारी, नवी मुदत, नवा रस्ता. टीव्हीला हे काही १९९४ मध्ये सुचलेलं नाही. १९५८ साली स्टीव्ह मॅक्वीन 'वॉन्टेड: डेड ऑर अलाइव्ह'मध्ये हेच काम करत होता, ऐंशीच्या दशकात ली मेजर्स 'द फॉल गाय'मध्ये स्टंटमन असून फावल्या वेळात हेच करायचा. दोन्ही चालल्या. युनिव्हर्सल टेलिव्हिजनच्या लोकांना अक्कल नव्हती असं म्हणायला म्हणूनच माझी जीभ वळत नाही. त्यांना धंद्यात मालिका दिसली, आणि ती खरोखर तिथे होती.

पण 'मिडनाइट रन' हा त्या धंद्याचा सिनेमा होता का? जॅकच्या मनगटावर एक घड्याळ असतं, बायकोनं दिलेलं. ते धड चालत नाही. तो सारखं हलवतो, कानाशी धरतो. बायको सोडून गेली, पोलिसातली नोकरी गेली, शिकागो सुटलं, घड्याळ मात्र हातात. नवं का घेत नाहीस, असं ड्यूक विचारतो. हिशेबनीसच तो, बंद पडलेल्या मालमत्तेवर खर्च कशाला, असाच त्याचा विचार. पुढे पैसे आणि गाडी मागायला जॅकला नाइलाजानं त्याच बायकोच्या दारात जावं लागतं. दोघं तावातावानं भांडत असतात आणि मागून मुलगी येऊन उभी राहते. कितीतरी वर्षांत बापानं तिला पाहिलेलं नाही. आवाज एकदम खाली येतो. कितव्या इयत्तेत आहेस, तो विचारतो. आठवीत. एवढंच. निघताना ती धावत मागे येते आणि मुलं सांभाळून साठवलेले स्वतःचे पैसे त्याच्यापुढे धरते. तो घेत नाही. घेऊच शकत नाही. ड्यूक बाजूला उभा राहून हे सगळं बघतो आणि तेवढ्यापुरता गप्प बसतो. पूर्ण सिनेमात तोंड बंद न ठेवणारा माणूस गप्प बसतो, तेव्हा मला दर वेळी भरून येतं. हा प्रसंग कितव्यांदा बघतेय याचा हिशेब मी सोडून दिलाय.

आणि शेवट. जॅक मुदतीच्या आत लॉस एंजेलिसला पोचतो. विमानतळावरून एडीला फोन लावतो, ड्यूकला फोनवर बोलायला लावतो, म्हणजे माल वेळेत आणला होता याची खात्री पटावी. मग ड्यूकला सोडून देतो. वर ते घड्याळ काढून त्याच्या हातात ठेवतो. ड्यूक कमरेचा पट्टा सोडतो, त्यात तीन लाख डॉलर आहेत. तू मला आधीच सोडलंस, तेव्हा ही लाच नाही, भेट आहे, असं म्हणून देतो. बाहेर टॅक्सीवाल्याला जॅक विचारतो, हजाराचे सुट्टे आहेत का? टॅक्सीवाला त्याला भिकारी समजून शिव्या घालतो आणि जॅक पायी निघतो.

लेखक म्हणून मी हा शेवट बघते तेव्हा मला एक बंद झालेलं दुकान दिसतं. बायकोचं भूत उतरलं, घड्याळ गेलं. एडीशी संबंध संपला. पैसे आले. वाटेत जॅकनं ड्यूकला सांगितलेलं असतं की या एका कामानंतर धंदा सोडून कॉफी शॉप टाकणार, आणि ड्यूकनं हिशेबनिसाच्या थाटात बजावलेलं असतं की हॉटेल धंद्यात पडू नकोस, बुडशील. म्हणजे पटकथाकार जॉर्ज गॅलो आणि दिग्दर्शक मार्टिन ब्रेस्ट यांनी जॅकला पुन्हा बाउंटी हंटर होण्याचं एकही कारण शिल्लक ठेवलं नाही. सगळी बिलं चुकती केली.

टीव्हीवरचा जॅक मात्र परत एडीच्या फोनवर पळताना दिसतो. का? त्याचं उत्तर तू पाहिलेल्या अर्ध्या तासात तुला मिळालं नाही, म्हणून तू बंद केलास. 'हा डी नीरो नाही' असं तुला वाटलं खरं, पण मनात कुठेतरी 'हा जॅक नाही' असं वाटलं होतं. दोन्हींत फरक आहे. पहिलं चार-पाच प्रसंगांत विसरता येतं. दुसरं नाही.

माझ्या हातून हीच चूक झालीय. एका चाललेल्या मालिकेचं दुसरं पर्व आम्हाला लिहायला सांगितलं. नायक आणि त्याच्या थोरल्या भावाचं वैर पहिल्या पर्वाच्या शेवटी मिटलं होतं, आईच्या अंथरुणापाशी, रडून-बिडून. दुसऱ्या पर्वात काय करायचं? सगळ्यांचा आग्रह, वैरच परत आणा, लोकांना तेच आवडतं. आणलं. एक गैरसमज घडवला, एक कागद हरवला, झालं भांडण. पहिल्याच आठवड्यात प्रेक्षकांची पत्रं आली, तेव्हा अजून पत्रं यायची. साताऱ्याच्या एका आजींनी लिहिलं होतं की त्या दिवशी आईपुढे रडलात ते खोटं होतं का मग? त्या पत्राला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार महिन्यांत मालिका गुंडाळली. नट, बरं का, सगळे जुनेच होते.

आता नट बदलण्याबद्दल. यात मी जे शिकले ते एका बशीनं शिकवलं.

एका रोजच्या मालिकेत घरचा मोठा जावई होता. तो करणारा नट चहा नेहमी बशीत ओतून प्यायचा, फुर्र आवाज करून. ती लकब त्याची स्वतःची, आम्ही लिहिलेली नव्हती, पण लोकांना फार आवडायची. तो सोडून गेला. नवा मुलगा आला, नाटकातला, तयारीचा. आमच्या ईपींनी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरनी, सांगितलं, बशी ठेवा, म्हणजे लोकांना जावई तोच वाटेल. पहिल्या प्रसंगात नव्या मुलानं बशीत चहा ओतला, फुर्र केलं, आणि मॉनिटरसमोर बसलेल्या आम्हा सगळ्यांनाच कसंतरी झालं. मेलेल्या माणसाचा शर्ट घालून कुणी आल्यासारखं. दाखवला गेला तेव्हा प्रेक्षकांनीही नाक मुरडलं.

चौथ्या दिवशी मी एक साधा प्रसंग लिहिला. सासूबाई, म्हणजे आमच्या मालिकेतल्या सगळ्यात जुन्या ताई, त्याच्या हातात कप देतात. तो कपानंच पितो. त्या पाठ करून आत जाता जाता नेहमीच्या त्रासिक सुरात म्हणतात, "आणि गच्चीचं दार लावलंत का? का परत मांजर?" मांजराचा हा वाद पहिल्या जावयाबरोबर दोन वर्षं चाललेला होता. नव्या मुलाला आम्ही काहीच करायला सांगितलं नाही, फक्त खाली बघून हसायचं. झालं. ताईंनी त्याला जावई म्हणून ओळखलं, आणि ताईंवर विश्वास असलेल्या लोकांनीही ओळखलं. त्यानंतर एकही तक्रार आली नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: पात्र अर्धं नटात असतं आणि अर्धं समोरच्याच्या वागण्यात. नट बदलायचा असेल तर त्याला ओळखणारं एक तरी जुनं माणूस समोर लागतं. जुन्या माणसाच्या सुरात जरा सुद्धा परकेपणा आला नाही की प्रेक्षक निमूटपणे नवा चेहरा स्वीकारतो. लग्नात नवरा मुलगा कसा आहे हे आपण आत्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो ना, तसंच.

हे लावून 'अनदर मिडनाइट रन' बघ. जॅक नवा. एडी मॉस्कोनी नवा, तिथे डॅन हेडाया. प्रतिस्पर्धी मार्विन डॉर्फलर नवा, तिथे एड ओ'रॉस. मूळ सिनेमातला एकही नट नाही. मग या जॅकला 'अरे, जॅक' म्हणणार कोण? ज्या एडीनं मूळ जॅकला फोनवर छळलं तो एडी जो पँटोलियानोच्या घोगऱ्या, घाबऱ्या आवाजाचा होता. नवा एडी नव्या जॅकला ओळख देतोय, म्हणजे दोन अनोळखी माणसं एकमेकांचे साक्षीदार. कोर्टात असे जामीनदार चालत नाहीत. मूळच्यांतला कुणी एक जरी मिळाला असता, समज जॉन ॲश्टन डॉर्फलर म्हणून आला असता आणि त्यानं नव्या जॅकला जुन्याच खवचटपणे डिवचलं असतं, तर पहिला अर्धा तास निभावला असता असं मला वाटतं. पुढचा दीड तास निभावला असता का, ते घड्याळाचा प्रश्न कसा सोडवला असता त्यावर ठरलं असतं.

आणि जोडीचं काय? ड्यूक नाहीच. मूळ सिनेमाचा अर्धा जीव ड्यूक करणाऱ्या चार्ल्स ग्रोडिनच्या त्या शांत, चिकट बोलण्यात आहे. बारमध्ये एफबीआयचा माणूस असल्याचं भासवून नोटा तपासण्याचं नाटक करतो, तिथे चेहऱ्यावरची रेष हलत नाही. मालगाडीच्या डब्यातला कोंबड्यांवरून सुरू होणारा संवाद तर दोघांनी बराचसा जागेवर रचलेला. डी नीरो हसू दाबतोय ते दिसतं. टीव्हीवाल्यांनी याच्या जागी एक ठग जोडपं दिलं, दुसऱ्या भागात काइल सेकॉर, तिसऱ्यात मेलोरा वॉल्टर्स. दर खेपेला नवा फरारी. धंदा म्हणून बरोबर आहे, पण लोक धंद्यासाठी येत नव्हते. पाच दिवस एकाच बेडीत अडकलेली दोन माणसं एकमेकांना कशी सहन करतात, ते बघायला येत होते.

तू विचारशील, मग इतकं उघड असताना केलं कशाला? इथे थोडं दुकानदारीत शिरू. १९९४ मध्ये युनिव्हर्सलनं 'ॲक्शन पॅक' नावाखाली दोन-दोन तासांच्या टीव्ही सिनेमांचा एक गठ्ठा काढला. मोठ्या नेटवर्कना न देता तो थेट शहराशहरांतल्या स्टेशनांना विकला. दर आठवड्याला वेगळा सिनेमा, आलटून पालटून. 'हर्क्युलिस', 'टेकवॉर', 'व्हॅनिशिंग सन', 'बँडिट' आणि 'मिडनाइट रन', अशी चाकं एकाच गाडीला. जे चालेल त्याची मालिका. एका अर्थानं ते पायलटच होते, म्हणजे मालिका चालेल का हे बघायला काढलेले नमुना भाग, फक्त सिनेमाच्या लांबीचे. स्टेशनवाल्याला विकताना 'मिडनाइट रन' हे नाव कानाला ओळखीचं वाटतं, तेवढ्यावर सौदा होतो. आपल्याकडेही जुन्या गाजलेल्या नावाला '२' लावला की मीटिंग दहा मिनिटांत संपते, मी स्वतः तशा मीटिंगमधून चेक घेऊन बाहेर पडलेय, तेव्हा दुसऱ्याला नावं ठेवायला मी कोण.

पण गठ्ठ्याचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. 'हर्क्युलिस'ची मालिका झाली आणि तिच्या पोटातून 'झीना' निघाली. 'टेकवॉर'ची मालिका झाली. 'व्हॅनिशिंग सन'ची झाली. राहिले दोन, 'बँडिट' आणि 'मिडनाइट रन'. दोन्ही लोकांच्या डोक्यात ताज्या असलेल्या गाजलेल्या सिनेमांवरून, दोन्हींत नायकाचा चेहरा बदललेला. 'बँडिट'मध्ये बर्ट रेनॉल्ड्सच्या जागी ब्रायन ब्लूम होता, आणि तिथे तर मूळ सिनेमाचा दिग्दर्शक हाल नीडहॅम स्वतः हजर होता. तरी नाही. दोनांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला कळतं, पण मी पैसे लावायचे झाले तर कुठे लावीन हेही मला कळतं.

आता तुझं 'मॅश', कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळाची गोष्ट. सिनेमा १९७० चा, मालिका १९७२ ते १९८३. डोनाल्ड सदरलँडच्या जागी ॲलन ॲल्डा. जवळजवळ सगळे बदलले, पण सिनेमातला रडार, म्हणजे गॅरी बर्गहॉफ, मालिकेतही तोच राहिला. माझ्या ताईंसारखा. ते एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: तिथली बिलं चुकती होण्यासारखी नव्हतीच. युद्ध चालू आहे, हेलिकॉप्टरमधून जखमी येतच राहतात. एका माणसाला सिनेमात वाचवलं म्हणून उद्याचा जखमी थांबत नाही. गोष्ट परिस्थितीत होती, आणि परिस्थिती संपलेली नव्हती.

'द ऑड कपल'चं बघ, कारण तिथेही तुझ्यासारखी जोडीच आहे आणि दोन्ही चेहरे नवे. एक टापटीप, एक गबाळा, एका घरात. १९६८ चा सिनेमा, १९७० पासून पाच वर्षं मालिका, जॅक क्लगमन आणि टोनी रँडल. चाललं. कारण मुळात ते नाटक होतं, आणि नाटकात भूमिका एका नटाच्या नावावर खरेदीखत करून दिलेली नसते. क्लगमननं तर ब्रॉडवेवर वॉल्टर मॅथाऊच्या मागून हीच भूमिका केलेली होती. शिवाय गबाळा सुधारत नाही आणि टापटीपवाला शिकत नाही. रोज सकाळी भांडण नव्यानं सुरू होतं.

हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको खरं तर. 'नटसम्राट' १९७० मध्ये श्रीराम लागूंनी उभं केलं, मग दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले, यशवंत दत्त आले. कट्ट्यावर 'कुणाचा बेलवलकर भारी' यावरून आपल्या आधीच्या पिढीनं चहाच्या किटल्या संपवल्या. 'हा बेलवलकर नाहीच' असं मात्र कुणी म्हटलं नाही. कारण शब्द तेच, कावेरी तीच, मुलांची घरं तीच, दार बंद होण्याचा क्षण तोच. नवा नट जुन्याच घावावर उभा होता. पुढचा भाग लिहायला बसलास की हा आधार तुझ्याकडून निघून जातो. नवे शब्द आणि नवा चेहरा, दोन्ही एकदम. 'अनदर मिडनाइट रन'नं नेमकं हेच केलं.

थोडक्यात, जेवढं तुझ्या कामाचं तेवढं: धंदा आणि नातं यातलं लोक कशासाठी आले होते ते ओळखायचं, पहिल्या भागानं काय चुकतं केलं ते बघायचं, आणि नव्या नटाला ओळखणारं जुनं कुणी आहे का ते शोधायचं.

तुमच्या एकांकिकेत काय आहे हे तू लिहिलं नाहीस, म्हणून नक्की सांगता येत नाही. पण मी तुझ्या जागी असते तर आधी मूळ संहितेचं शेवटचं पान उघडलं असतं. त्या पानावर दोघांतलं काय मिटलंय? जे मिटलंय त्याला हात लावू नका. उरलेलं काही आहे का, एखादं साधं, अर्धवट वाक्य, एखादी उसनी घेतलेली वस्तू, तिसऱ्या पात्राचं न दिलेलं उत्तर? जॅकच्या कथेत मला विचारशील तर ती मुलगी उरली होती. आठवीतली. सहा वर्षांनी, १९९४ मध्ये, ती एकोणीस-वीसची झाली असती. बापाला पैसे देऊ करणारी मुलगी आता काय करते, आणि खिशात तीन लाख असताना बापानं तिच्यासाठी काय केलं, यात मला धंदाही दिसतो, नातंही दिसतं. अशा गोष्टीत डी नीरो नसता तरी चालून गेलं असतं, कारण ती मुलगीही वाढलेली असती. तिचा चेहरा बदलणं तर आपण गृहीतच धरलं असतं, आणि बदललेल्या मुलीनं बदललेल्या बापाकडे बघितलं असतं तर त्यात खोट दिसली नसती.

काही उरलेलं सापडलंच नाही, तर पुढचा भाग करू नका. तोच धंदा, तीच जागा, नवी दोन माणसं आणि नवं नाव घ्या. स्पर्धेत परीक्षक विचारतील, हे त्या एकांकिकेसारखं वाटतंय, तर म्हणा हो, तिथूनच सुचलं. नाव वापरून जेवढ्या टाळ्या पडद्याला मिळतात, तेवढ्याच शंका दहाव्या मिनिटाला मिळतात.

आणि करायचाच ठरला, तर मूळ टीममधलं एखादं दुय्यम पात्र केलेलं कुणी अजून कॉलेजात आहे का बघा. चहावाला, वॉचमन, शेजारची मावशी, काहीही चालेल. त्याला पहिल्या तीन मिनिटांत रंगमंचावर आणा आणि नव्या मुलाशी जुनंच काहीतरी अर्धवट भांडण करू द्या. मूळ जोडीतल्यांना तालमीला बोलवायचा मोह होईल. पहिल्या तालमीला अजिबात बोलवू नका. नवीन पोरगा त्यांच्याकडे बघून हातवारे उचलायला लागेल, आणि मग तो बशीतून चहा प्यायला लागला की त्याला कपावर आणायला तुमचे पंधरा दिवस जातील. रंगीत तालमीला बोलवा. वडापाव त्यांच्याकडूनच घ्या.